गोळी पुन्हा केव्हा?



अधिवेशनाच्या अध्यक्षाने शास्त्राच्या प्रगतीचा आढावा घ्यावा असा शिरस्ता आहे. परंतु १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास टाकून, पोट न फाडता मोठ्या आतड्यातील पॉलिप काढला, तेव्हापासून या विद्येने किती मजल मारली हे आपण जाणताच. म्हणून मी आज केवळ एका चिठ्ठीविषयी बोलणार आहे.

आपले रुग्ण ज्यांना 'रक्त पातळ करण्याच्या गोळ्या' म्हणतात (वस्तुतः त्यांनी रक्त यत्किंचितही पातळ होत नाही, गोठण्यास विलंब लागतो इतकेच), त्या घेणाऱ्याचा पॉलिप काढताना रक्त वाहिले, तर ते आपल्या डोळ्यांदेखत वाहते व क्लिप लावून आपण त्याचा बंदोबस्त करतो. दगा देतो तो विलंबित रक्तस्राव, जो जखमेवरील खपली सुटताना, कधी पाचव्या तर कधी बाराव्या दिवशी, रुग्ण गावी पोहोचून निर्धास्त झाला असता उद्भवतो. एक सेंटिमीटरहून लहान पॉलिप विजेचा दाह न देता काढल्यास ही भीती बरीच ओसरते. या गोळ्यांपैकी जुने वॉरफरिन, पाच दिवस आधी बंद केलेले, त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू केले, तरी त्याचा अंमल चढावयास काही दिवस लागतात, आणि तो चढतो नेमका या खपली सुटण्याच्या सुमारास. उलट नव्या गोळ्यांचा प्रभाव काही तासांतच पडत असल्यामुळे, मोठा पॉलिप काढल्यावर त्या दोन-तीन दिवस थोपवून धरणे इष्ट.

मधल्या रिकाम्या दिवसांत हेपॅरिनच्या सुया टोचण्याची तजवीज आम्ही वर्षानुवर्षे केली. हृदयाची लय अनियमित झालेल्या रुग्णांवरील, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'ब्रिज' चाचणीत, सुया न घेतलेल्यांत मोठा रक्तस्राव शेकडा १.३, घेतलेल्यांत ३.२, आणि गुठळ्यांचे प्रमाण मात्र जवळजवळ समान आढळले. धातूची झडप बसविलेले रुग्ण तीत नव्हते, हे विसरून तो निष्कर्ष त्यांना सरसकट लावणे अविचाराचे होईल.

हृदयाची अशीच लय असलेले एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले होते. पॉलिप सुरळीत निघाला. गोळी बंद करण्याची तारीख मी चिठ्ठीवर दोनदा अधोरेखित केली होती. सुरू करण्याचा हुकूम मात्र जबानी दिला गेला, तोही गुंगी पुरती उतरण्यापूर्वी. दुसऱ्या दिवशी शौचास रक्ताचा ठिपका दिसला, आणि त्यांनी गोळ्या फडताळात ठेवून दिल्या. तीन आठवड्यांनी ते परत आले ते उजवा हात लुळा पडून, वाचा गेलेल्या अवस्थेत. आतडे पूर्ण बरे झाले होते!

रक्त दिसते, म्हणून ते रुग्णासही भिववते आणि वैद्यासही. गुठळीची चाहूल लागत नाही. आतड्यातील रक्तस्राव आपण बहुधा थांबवू शकतो, पण मेंदूचा नासलेला भाग परत आणू शकत नाही. आणि तरीही आपली सारी दक्षता पहिल्याच बाजूस खर्च होते.

आता माझ्या चिठ्ठीवर गोळी पुन्हा घेण्याची तारीख व वेळ, किती रक्त गेल्यास तडक यावे आणि रात्री कोणास कळवावे, हे मराठीत असते, व ती घरच्या माणसाकडून वाचून घेतल्याखेरीज मी रुग्णास सोडीत नाही. तिच्या काही प्रती अधिवेशनाच्या कार्यालयात ठेविल्या आहेत. ज्यांना हव्या त्यांनी न्याव्यात, आणि त्यातले मराठी कोठे दुर्बोध वाटल्यास दुरुस्त करून मला पाठवावे.