चूक दयेची की रागाची?

(संघाच्या मासिक सभेतील मनोगत)

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईची म्हैस मेली. दुसरी घ्यायला वीस हजार कमी पडत होते. ती बैठकीत रडली आणि आम्ही एकही प्रश्न न विचारता सह्या केल्या. मी सचिव, पण मीही विचारलं नाही. पुढं हप्ते थकले. मग रागाच्या भरात तिला भर बैठकीत नको ते बोललो. तिनं येणंच बंद केलं.

आता म्हणाल, भावना बाजूला ठेवून डोक्यानं चालावं. पण मेंदूचे डॉक्टर अँटोनिओ दमासिओ यांनी 1994 च्या पुस्तकात एका रुग्णाची हकिकत दिलीय. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेली. बुद्धी शाबूत, भावना मात्र बोथट. पुढच्या भेटीसाठी दोनपैकी कुठली तारीख, यावर तो जवळजवळ अर्धा तास कारणं मांडत बसला! नुसत्या डोक्यानंही गाडी अडतेच की.

शेवटी वही घेऊन आम्ही तिच्या घरी गेलो. आधी तिचं ऐकलं, मग विचारलं. तेव्हा कळलं, आठ महिन्यांची गाभण सांगून म्हैस गळ्यात मारलेली, होती तीनचीच. दुधाचा थेंब नाही, हप्ता कुठून देणार? म्हैस वेईपर्यंत फक्त व्याज घ्यायचं ठरवलं.

आता ती हप्ता भरते, सही करते. माझ्याशी मात्र अजून बोलत नाही.