गिलावा नसलेली इमारत



माझे वडील सेंटरिंगचे मिस्त्री होते. फळ्या ठोकायच्या, खाली बल्ल्यांचे टेकू द्यायचे, वर सळया बांधून झाल्या की काँक्रीट पडायचं. ते पक्कं झालं की अब्बा सगळं खोलून घ्यायचे आणि फळ्या पुढच्या कामावर न्यायचे. मग गवंडी गिलावा करायचा, रंगारी रंग द्यायचा आणि अब्बांच्या कामाची एकही खूण उरायची नाही. ते म्हणायचे, ‘‘गिलाव्याखाली काय दडलंय ते मिस्त्रीला ठाऊक आणि अल्लाहला ठाऊक.’’

आज मी तुम्हाला गिलावा नसलेल्या एका इमारतीची गोष्ट सांगणार आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचा ‘हॉल ऑफ नेशन्स’. ती इमारत आता नाही.

१९९८ साली मी जागतिक पुस्तक मेळ्यासाठी दिल्लीला गेलो होतो. एका मराठी प्रकाशकाच्या स्टॉलवर पुस्तकं लावायला मदत करायची, एवढंच काम. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा चहा घेऊन बाहेर पडलो आणि त्या इमारतीसमोर थबकलो. वरचं टोक कापलेल्या पिरॅमिडसारखा आकार आणि अंगभर काँक्रीटचे त्रिकोण. जुन्या वाड्याची किंवा दर्ग्याची दगडी जाळी कुणीतरी खूप मोठी करून उभी करावी, तसं दिसत होतं. आत गेलो तर मध्ये एकही खांब नाही. सुमारे ७८ मीटरांची जागा सलग मोकळी. जाळीतून येणाऱ्या उन्हाचे त्रिकोण जमिनीवर पडले होते. मी जवळ जाऊन काँक्रीटवरून हात फिरवला. साच्याच्या कडा हाताला लागल्या आणि अब्बांची आठवण झाली. इथे मिस्त्रीचं काम कुणी झाकलं नव्हतं.

परत आल्यावर मी या इमारतीविषयी वाचत गेलो. १९७२ साली स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली. त्या निमित्तानं नोव्हेंबरमध्ये दिल्लीत ‘एशिया ७२’ हे आंतरराष्ट्रीय व्यापार प्रदर्शन भरलं आणि त्यासाठी ही वास्तू उभारली गेली. वास्तुरचनाकार होते राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज. शेजारी त्याच धाटणीची, पण आकारानं लहान अशी चार दालनं होती. त्यांचं नाव ‘हॉल ऑफ इंडस्ट्रीज’.

अशी त्रिकोणांची चौकट एरवी पोलादी नळ्या जोडून करतात. पण तेव्हा आपल्याकडे पोलाद कमी आणि महाग होतं. हात मात्र भरपूर होते. म्हणून ही सारी चौकट काँक्रीटमध्ये, जागेवरच साचे बांधून ओतायचं ठरलं. सुतारांनी साचे केले, मजुरांनी काँक्रीट वर चढवलं. एकेका सांध्याला वेगवेगळ्या दिशांनी दांडे येऊन मिळतात, तिथे साचा बसवणं किती अवघड, हे सेंटरिंगवाल्याच्या मुलाला सांगावं लागत नाही. एवढ्या मोठ्या पसाऱ्याची अशी काँक्रीटची चौकट जगात त्याआधी झाली नव्हती, असं जाणकार सांगतात. गरिबीतून निघालेली ही युक्ती होती, पण तिला गरिबीची लाज नव्हती.

या शैलीला ‘ब्रुटलिझम’ म्हणतात. शब्द ऐकला की क्रौर्य आठवतं, पण त्याचं मूळ ‘बेताँ ब्रूत’ या फ्रेंच शब्दांत आहे. अर्थ साधा, कच्चं, उघडं काँक्रीट. या इमारती पुष्कळांना आवडत नाहीत. पावसानं काळ्या पडतात, रुक्ष वाटतात. ही तक्रार खोटी नाही.

प्रगती मैदानावर नवं, मोठं संमेलन संकुल उभारायचं ठरलं, तेव्हा ‘हॉल ऑफ नेशन्स’ वाचवण्यासाठी देशातले आणि परदेशातले वास्तुतज्ज्ञ पुढे आले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातून आणि पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातूनही आर्जवं झाली. पण साठ वर्षं पूर्ण न झालेल्या इमारतीचा वारसा यादीसाठी विचार करता येणार नाही, अशी भूमिका दिल्लीच्या वारसा संवर्धन समितीनं घेतली. ही इमारत ४५ वर्षांची होती. दिल्ली उच्च न्यायालयातही दाद लागली नाही. २३ एप्रिल २०१७ च्या रात्री यंत्रं आली आणि सकाळपर्यंत ढिगारा उरला होता.

४५ हे मोठं अडचणीचं वय. नवी म्हणून कौतुक नाही आणि जुनी म्हणून मानही नाही. मी स्वतः पन्नाशी ओलांडलेला कवी आहे, मला हे नीट कळतं. तरुण कवींत कुणी बसवत नाही आणि ज्येष्ठ म्हणून अजून कुणी शाल देत नाही. पण मला कुणी रातोरात पाडत नाही, एवढा फरक. साठीचा नियम पाळायचा, तर साठीपर्यंत जगू देण्याचीही काही सोय हवी. नाहीतर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीचा वारसा असेल, आजची बांधकामं असतील आणि मधल्या काळाची जागा कोरी राहील. त्याच काळात आपल्या आईवडिलांनी हा देश बांधला.

त्या जागी ‘भारत मंडपम’ उभं राहिलं. २०२३ च्या जुलैमध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि सप्टेंबरमध्ये तिथे जी-२० परिषद भरली. मोठ्या सभागृहाची गरज खरी असेल. नव्याला माझा विरोध नाही. पण एवढ्या विस्तीर्ण मैदानात जुन्याला एक कोपरा मिळाला नाही, ही खंत आहे. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयात स्वतंत्र दक्षिण आशियातल्या वास्तुकलेचं प्रदर्शन भरलं. त्यात ‘हॉल ऑफ नेशन्स’ होता. आपल्या घरातलं माणूस आपण परक्याच्या भिंतीवर, तसबिरीत पाहावं, तसं ते झालं. त्याच वर्षी महेंद्र राज यांचं निधन झालं.

इमारत पडली त्या आठवड्यात मी अब्बांना वर्तमानपत्रातला फोटो दाखवला होता. त्यांना ऐंशी वर्षं झाली होती, नजर अधू होती. फोटो डोळ्यांजवळ धरून त्यांनी बराच वेळ पाहिला. ढिगाऱ्यातून वाकड्या सळया वर आल्या होत्या. पोलाद वाचवायला काँक्रीटची बांधली, हे मी त्यांना सांगितलं होतं.

घरात आम्ही दखनी बोलतो. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘लोहा कौन ले गया?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वर्तमानपत्राची घडी घातली.