हद्दीबाहेरची वर्दी : उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्ट्यातील ग्रामीण अग्निशमनाचा प्रश्न

महाराष्ट्रात अग्निशमन सेवेचा विचार आजवर शहराच्या अंगाने झाला, आणि त्यामुळे शहराची हद्द संपल्यानंतर लागणाऱ्या आगीचे उत्तरदायित्व नेमके कोणावर, हा प्रश्न कायद्यात, अंदाजपत्रकात आणि प्रशासनाच्या रोजच्या व्यवहारातही अनुत्तरितच राहिला. स्थानिक स्वराज्य संस्थांचे पदाधिकारी, अग्निशमन अधिकारी आणि नगररचनेचे अभ्यासक उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये एकत्र आले असताना अध्यक्षपदावरून हाच प्रश्न मांडणे उचित ठरते, कारण तो या परिसराइतका ठळकपणे क्वचितच कुठे दिसतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे रेल्वेमार्गाला धरून एकापुढे एक वसली आहेत, त्यांच्यामध्ये आणि भोवताली औद्योगिक वसाहती आहेत, आणि त्यांना लागून म्हारळ, वरप, कांबा यांसारखी कल्याण–मुरबाड रस्त्यावरची गावे, मलंगगडाच्या पायथ्याची वस्ती आणि बारवीकडील व वांगणीकडील ग्रामपंचायती आहेत. रस्त्याने जाणाऱ्याला शहर कुठे संपले आणि गाव कुठे सुरू झाले हे आता ओळखू येत नाही. मात्र आग लागल्याची वर्दी, म्हणजे नियंत्रण कक्षाला मिळणारी आगीची सूचना, जेव्हा अशा गावातून येते, तेव्हा ती हद्दीतली की हद्दीबाहेरची हा फरक अचानक फार महत्त्वाचा होतो.

या फरकाचे मूळ राज्यघटनेतच आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी असून त्यात ‘अग्निशमन सेवा’ हा विषय सातव्या क्रमांकावर स्पष्टपणे आला आहे. परंतु ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत शेतीपासून वाचनालयापर्यंत आणि बाजार-जत्रांपासून ग्रामीण विद्युतीकरणापर्यंत सर्व काही असूनही अग्निशमनाला जागा मिळालेली नाही. १९९२ साली हे घडले तेव्हा गाव म्हणजे कौलारू घरे, गोठे आणि भाताच्या उडव्या, म्हणजे रचून ठेवलेल्या भाताच्या गंजी, असे चित्र घटनाकर्त्यांच्या नव्या पिढीसमोर असावे, आणि अशा गावाला बंबाची गरज क्वचितच पडेल असे गृहीत धरले गेले असावे, असा तर्क करता येतो. उडवी जळाली तर शेतकऱ्याचे वर्ष जळते, हे त्या काळीही खरे होते; पण आज त्याच गावांत गोदामे, भंगाराचे साठे आणि बहुमजली इमारती उभ्या राहत असताना ते गृहीतक पूर्णपणे कालबाह्य झाले आहे.

राज्याच्या कायद्यांतही हीच पोकळी दिसते. महानगरपालिका आणि नगरपरिषदा यांच्या अधिनियमांनी आग विझवणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे त्या संस्थांच्या आवश्यक कर्तव्यांत, म्हणजे टाळता न येणाऱ्या कामांत, गणले आहे. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या ग्रामसूचीत मात्र उल्लेख आहे तो आग विझवण्यास साहाय्य करण्याचा, आणि साहाय्य म्हटले की मुख्य काम करणारा दुसरा कोणीतरी असला पाहिजे. तो कोण, हे तिथे सांगितलेले नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा ६ डिसेंबर २००८ पासून अंमलात आला, त्याने इमारतीचा मालक वा भोगवटादार यालाच आगप्रतिबंधक साधने सुस्थितीत ठेवण्यास जबाबदार धरले आणि परवानाधारक अभिकरणाकडून दर जानेवारी व जुलैमध्ये तसे प्रमाणपत्र घेऊन सादर करण्याचे बंधन घातले; ही मोठी सुधारणा होती. तथापि प्रमाणपत्र तपासणारी, नोटीस देणारी आणि शुल्क आकारणारी यंत्रणा प्रामुख्याने महानगरपालिका, नगरपरिषदा आणि नियोजन प्राधिकरणे यांच्याभोवती उभी असल्याने, गावातील गोदामाच्या दारापर्यंत ती पोहोचणे हे बहुतांशी योगायोगावर अवलंबून राहते. आग विझल्यानंतर पंचनाम्यासाठी तलाठी येतो, नुकसानीची नोंद होते, आणि आग लागण्यापूर्वी तिथे जाण्याचे काम कोणाचे होते हा प्रश्न त्या नोंदीत कुठेच येत नाही.

या पट्ट्याच्या हद्दी किती वेळा बदलल्या हेही लक्षात घेतले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धकाळातील कल्याण कॅम्प या लष्करी छावणीच्या बरॅकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ साली गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिला उल्हासनगर म्हणून औपचारिक रूप मिळाले. १९८३ साली कल्याण महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा अंबरनाथ, बदलापूर आणि भोवतालची कितीतरी गावे तिच्यात होती. १९९२ साली अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर वेगळे होऊन त्यांच्या स्वतंत्र नगरपरिषदा झाल्या, १९९६ साली उल्हासनगर महानगरपालिका झाले, आणि २७ गावे २००२ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेतून वगळून २०१५ साली पुन्हा तिच्यात घेण्यात आली. याच्या जोडीला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आपल्या वसाहतींपुरते नियोजन प्राधिकरण असून त्याचे स्वतःचे अग्निशमन दल आहे. म्हणजे काही किलोमीटरच्या पट्टीत एक महानगरपालिका, दोन नगरपरिषदा, एक महामंडळ, जिल्हा परिषद, अनेक ग्रामपंचायती आणि डोंगरावरील वणव्यांसाठी वन विभाग इतक्या संस्था आगीशी संबंधित आहेत, आणि प्रत्येकीची वरिष्ठ साखळी वेगळी आहे. प्रत्येक फेररचनेत पाणीपट्टी, कर आणि निवडणुकीचे प्रभाग यांवर हिरिरीने चर्चा झाली, पण त्या-त्या गावाला यापुढे बंब कोणत्या केंद्रातून यावा हा मुद्दा चर्चेच्या केंद्रस्थानी कधीच आला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

वेळेचा प्रश्न इथे निर्णायक ठरतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या स्थायी अग्निशमन सल्लागार मंडळाने शहरी भागात १० चौरस किलोमीटरला आणि ग्रामीण भागात ५० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे, असा मापदंड सुचवला होता. केंद्र जवळ असले तरी पाण्याचे गणित सुटतेच असे नाही. नेहमीच्या वॉटर टेंडरमध्ये, म्हणजे पाण्याची टाकी आणि पंप दोन्ही असलेल्या बंबात, साधारण ४,५०० लिटर पाणी मावते. मिनिटाला ४५० लिटर पाणी फेकणाऱ्या दोन नळ्या एकदम सुरू केल्या तर पाचव्या मिनिटाला टाकी रिकामी होते. शहरात दुसरा बंब आणि पाण्याचे टँकर मागोमाग येतात. गावात फायरमनला विहीर, तळे किंवा नदीचा डोह शोधावा लागतो, आणि पंपाने पाणी ओढायचे तर ते सुमारे ७ मीटरपेक्षा खोल असून चालत नाही. गंजी, गवत आणि डोंगरउतार पेट घेतात ते नेमके मार्च ते मे या महिन्यांत, आणि त्याच दिवसांत या गावांतील विहिरींची पातळी त्या मर्यादेच्या खाली गेलेली असते. कोणत्या गावात उन्हाळ्यातही पंप लागू शकेल असे पाणी आहे, तिथपर्यंत अवजड गाडी जाईल असा रस्ता आहे का आणि वाटेतील कमानीची उंची किती, ही माहिती ज्या दलाला त्या गावाची जबाबदारीच दिलेली नाही ते दल आधी कशासाठी गोळा करील? ग्रामीण अग्निशमनाची खरी दुर्बलता या न केलेल्या पूर्वतयारीत आहे, बंबांच्या संख्येत ती त्यानंतर येते.

संकटाच्या वेळी हद्दी ओलांडल्या जातात, हे मान्य केलेच पाहिजे, आणि त्याचे श्रेय जवानांच्या निष्ठेला आहे. २८ मे २०२१ रोजी कॅम्प २ मधील नेहरू चौक परिसरातील एका इमारतीचे स्लॅब कोसळून सात जण दगावले तेव्हा स्थानिक दलाबरोबर ठाणे महानगरपालिकेचे आपत्ती प्रतिसाद दल ढिगाऱ्यावर काम करीत होते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकली तेव्हा सुमारे १,०५० प्रवाशांच्या सुटकेसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि नौदल आले, आणि आजूबाजूचे ग्रामस्थही पाण्यात उतरले. मात्र मोठ्या दुर्घटनेत मिळालेली मदत ही व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही, कारण एका गोठ्याच्या किंवा एका घराच्या आगीसाठी नौदल येत नसते. ७ जून २०२१ रोजी पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील उरवडे या गावी एका रासायनिक कारखान्यात लागलेल्या आगीत १७ कामगारांचा बळी गेला, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. कारखाना ग्रामीण भागात होता म्हणून त्या स्त्रियांच्या जिवाला शहरातील कामगारापेक्षा कमी संरक्षण मिळावे, असे कोणतेही तत्त्व लोकशाहीत मान्य होऊ शकत नाही.

जगाच्या अनुभवातून दोन-तीन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहर जळत असताना शेजारच्या शहरांतून आलेल्या बंबांच्या नळ्या तिथल्या हायड्रंटला, म्हणजे रस्त्यावरील आगनळाला, जुळेनात आणि माणसे व यंत्रे हजर असूनही निरुपयोगी ठरली. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावाने सुमारे १,६०० स्थानिक दलांचा विस्कळीतपणा उघडा पाडल्यावर १९४१ साली ती सर्व राष्ट्रीय अग्निशमन सेवेत विलीन झाली. पण युद्धानंतर १९४७ च्या कायद्याने ही सेवा जुन्या लहान संस्थांकडे न देता काउंटी, म्हणजे जिल्ह्याच्या पातळीवरील संस्थांकडे सोपवण्यात आली. कॅलिफोर्नियात ग्रामीण भागासाठी ‘अग्निसंरक्षण जिल्हे’ असतात, म्हणजे केवळ अग्निशमनासाठी हद्द, मंडळ आणि उत्पन्न असलेल्या स्वतंत्र स्थानिक संस्था; त्यांतल्या लहान आणि दुबळ्या संस्थांनी एकत्र यावे का, याची तपासणी प्रत्येक काउंटीतील एक स्थायी आयोग उघड सुनावणी घेऊन करतो. या तिसऱ्या उदाहरणाचे मोल सर्वाधिक वाटते, कारण तिथे एकत्रीकरणाआधी देखरेख येते : सेवा किती लवकर पोहोचते, खर्च कोण उचलतो आणि हिशेब कोणासमोर ठेवला जातो, हे आधी जाहीरपणे मांडले जाते आणि मगच हद्दी बदलतात.

भारतात तमिळनाडू आणि केरळ यांनी अग्निशमन हे राज्य शासनाचे खाते केले आहे, आणि दिल्लीतही ही सेवा १९९४ साली महानगरपालिकेकडून राज्य शासनाकडे गेली. महाराष्ट्रानेही तोच मार्ग धरावा असा एक पक्ष आहे. त्या पक्षाचे म्हणणे दुर्लक्षणीय नाही, कारण गाव आणि शहर हा भेद त्यामुळे एका फटक्यात मिटतो. पण मुंबईचे दल १८८७ सालापासून पालिकेचे आहे, राज्यातील इतर शहरांची दलेही त्याच परंपरेत वाढली आहेत, आणि गल्ली, नाला, इमारत व पाणीपुरवठा यांची जी बारीक माहिती पालिकेच्या जवानाजवळ असते ती तोडून टाकणे शहाणपणाचे होणार नाही. अंबरनाथ व बदलापूर यांची मिळून एक महानगरपालिका करावी ही मागणीही अधूनमधून होते. ती होवो अथवा न होवो, तिच्या निर्णयासाठी अग्निशमनाने थांबून राहण्याचे कारण नाही, शिवाय अशा महानगरपालिकेतही हद्दीबाहेरची गावे उरणारच.

या पट्ट्याला योग्य ठरेल तो मार्ग संयुक्त अग्निशमन मंडळाचा, आणि स्थानिक संस्थांनी परस्परांशी संयुक्त समित्या स्थापण्याची कल्पना आपल्या कायद्यांना परकी नाही. उल्हासनगर महानगरपालिका, दोन्ही नगरपरिषदा, औद्योगिक विकास महामंडळ आणि जिल्हा परिषद यांचे प्रतिनिधी त्यात असावेत. केंद्रे, जवान आणि गाड्या आपापल्या संस्थेकडेच राहाव्यात. परंतु नियंत्रण कक्ष एक असावा, आणि वर्दी मिळताच हद्द न विचारता सर्वांत जवळचा बंब निघावा. नळ्या आणि कपलिंग, म्हणजे नळ्या जोडण्याचे धातूचे सांधे, सर्व दलांत एकाच मापाचे असावेत आणि सरावही एकत्र व्हावा. मंडळाच्या रचनेत ग्रामपंचायतींना केवळ निमंत्रित म्हणून बसवणे पुरेसे नाही, त्यांना मताचा अधिकार हवा, कारण सेवेची सर्वाधिक वानवा त्यांच्याकडेच आहे.

खरी अडचण पैशाची आहे, आणि ती उल्हासनगरच्या करदात्याच्या बाजूनेही पाहिली पाहिजे. आपल्या कराच्या पैशातून घेतलेला बंब गावात गेला असताना कॅम्प २ च्या कापडबाजारात किंवा फर्निचरच्या दुकानांत आग लागली तर काय, ही भीती रास्त आहे. अतिशय दाट वस्ती आणि अरुंद गल्ल्या असलेल्या या शहराने ती बाळगली तर त्याला कोणी दोष देऊ नये. हद्दीबाहेर बंब पाठवल्यास शुल्क आकारण्याची रूढी राज्यातील अनेक पालिकांत याच भीतीतून आली आहे. पण जळणाऱ्या घराच्या मालकाला शुल्काचा विचार करावा लागणे हे अमानुष आहे. म्हणून हा भार प्रत्येक आगीमागे न टाकता वर्षाच्या आरंभी जिल्हा परिषद आणि राज्य शासन यांनी मंडळाला ठरावीक अंशदान, म्हणजे आपला वाटा, द्यावा, आणि एक बंब बाहेर गेला की दुसऱ्या केंद्राची गाडी त्याच्या जागी येऊन उभी राहील अशी लेखी व्यवस्था असावी. केंद्र शासनाने २०२३ साली राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. अशा निधीतून शहरांना आणखी उंच शिड्या मिळतील तशी ग्रामीण उपकेंद्रेही मिळाली पाहिजेत. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने मारुंजी आणि वाघोली येथे स्वतःची केंद्रे उभारून शहराबाहेरच्या वस्तीसाठी दल उभे करता येते हे दाखवून दिले आहे.

देखरेखीशिवाय असे मंडळ आणखी एक कार्यालय ठरेल. प्रत्येक वर्दीची वेळ, बंब निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ, पाणी कुठून घेतले आणि कुठे मिळाले नाही, हे तपशील गावनिहाय जाहीर झाले पाहिजेत, आणि ते वर्षातून एकदा महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत, नगरपरिषदांत आणि त्याचबरोबर ग्रामसभेतही वाचले गेले पाहिजेत, कारण ज्यांच्या घराला आग लागते त्यांना उत्तर मागण्याची दुसरी जागा नाही.

या परिषदेतून निघताना प्रतिनिधींनी एक काम मात्र कायद्याच्या वा निधीच्या प्रतीक्षेशिवाय हाती घ्यावे, अशी अध्यक्षपदावरून आग्रहाची विनंती आहे : अंबरनाथ तालुक्यातील आणि कल्याण तालुक्याच्या लगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर जबाबदार अग्निशमन केंद्राचे नाव, त्याचा दूरध्वनी क्रमांक आणि उन्हाळ्यात पाणी घेता येईल त्या जागेची नोंद येत्या मार्चपूर्वी लावली जावी, आणि त्या केंद्राच्या अधिकाऱ्याने त्या गावाला एकदा तरी प्रत्यक्ष भेट दिलेली असावी.