जखमेवरचा ताण



'जखम भरून येते' असे आपण मराठीत म्हणतो. खड्डा भरावा तशी ती भरते, अशी त्यामागची कल्पना. ती खरी आहे, पण अर्धीच. जखम भरते तशी आवळलीही जाते. तिच्यावर ओढ किती आणि दाब किती, यावर ती कशी बरी होणार हे बरेचसे ठरते. आज तुमच्याशी बोलायचे आहे ते या ओढीविषयी आणि दाबाविषयी.

आपली कातडी अंगावर सैल पांघरलेली नसते, ताणलेली असते. १८६१ साली व्हिएन्नाच्या कार्ल लँगर या शरीररचनाशास्त्रज्ञाने मृतदेहांच्या कातडीला गोल आरीने भोके पाडली. भोके गोल राहिली नाहीत, लांबट झाली. त्यांच्या दिशा जोडत गेल्यावर अंगभर रेषांचा एक नकाशाच तयार झाला. आजही शल्यविशारद शक्यतो त्वचेच्या ताणाच्या दिशेनेच छेद घेतात, कारण तो वण बारीक राहतो. आडवा घेतलेला छेद दोन्हीकडून ओढला जातो आणि रुंदावतो. छातीच्या मध्यावर आणि खांद्यावर वण जाड होतात, त्याचे एक कारण तिथली सततची ओढ हेच आहे.

पण ओढ पेशींना कळते कशी? त्वचेच्या आतल्या थरात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. कोलॅजनचे तंतू विणणे हे त्यांचे काम. जिनिव्हाच्या ज्युलिओ गाब्बियानी आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली दाखवले की, जखमेत या पेशींना स्नायूंसारखे आकुंचन पावणारे धागे फुटतात. १९८० साली आल्बर्ट हॅरिस यांनी सिलिकोन रबराच्या पातळ पापुद्र्यावर अशा पेशी वाढवल्या, तर पापुद्र्याला सुरकुत्या पडल्या. एवढीशी पेशी, पण ती खेचते. आणि खेचताना समोरचे किती कडक आहे याचा अंदाजही घेते. ताण टिकून राहिला तर ती विणतच राहते. ताण सुटला की यातल्या बऱ्याच पेशी आपले काम आटोपून नाहीशा होतात आणि वण निवतो. कोपरावर किंवा मानेवर खोल भाजले तर सांधा आखडतो, तोही याच खेचण्यामुळे. म्हणून अशा रुग्णाला पट्टी बांधून सांधा योग्य स्थितीत ठेवतात आणि व्यायाम देतात.

आता दाबाकडे वळू. कुष्ठरोगात 'बोटे झडतात' असे लोक म्हणत. १९४६ पासून वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी वेगळेच दाखवले. मज्जातंतू निकामी होऊन पायाची संवेदना जाते आणि माणूस त्याच जागेवर वजन टाकत राहतो. तळव्याच्या जखमा मुख्यतः त्यातून होतात. मांस मुळात सडके नसते. पायाला प्लास्टर घालून वजन वाटून दिले, की चिघळलेल्या जखमा भरू लागत. पुढे मऊ रबराच्या चपला आल्या. हीच रीत आज मधुमेहींच्या पायासाठी जगभर वापरतात. अर्थात जंतुसंसर्ग आणि रक्तपुरवठा तपासल्यावरच.

आमचे जैन मुनी अनवाणी विहार करतात. रोजच्या घर्षणाने तळवा जाड होतो आणि ते जाडपण पायाला राखते. खडा टोचला की पाय आपसूक वजन बदलतो. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला हा इशाराच मिळत नाही. तिथे तोच घट्टा जोड्यातल्या खड्यासारखा वागतो आणि त्याच्याखाली जखम होते. वरून दिसत नाही, दुखतही नाही.

'दुखत नाही ना, मग काही नाही' हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. या पायाच्या बाबतीत ते घातक आहे. मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, तरी स्पष्ट सांगतो: जिच्यावर रोज शेकडो पावले पडतात ती तळव्याची जखम कुठल्याही पॅथीच्या गोळीने किंवा मलमाने भरणार नाही. आधी तिच्यावरचे वजन उतरले पाहिजे. साखर आटोक्यात हवी, पायात रक्त पोहोचते का हे पाहायला हवे, आणि लाली, पू किंवा काळेपणा दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे.

तुमच्या घरात कुणाला बरीच वर्षे मधुमेह असेल, तर आज रात्री त्यांचे तळवे दिव्याखाली धरून पाहा. बोटांच्या फटी पाहा, चपलेत हात घालून खिळा किंवा खडा आहे का ते चाचपा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा. दोन मिनिटे लागतात, आणि एखादे वेळी त्यात पाय वाचतो.