निरोपाचा पाट कोठे तुंबतो?



कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या कुंभकोणम् गावाला मराठी भाषा परकी नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापिली. ती १८५५ पर्यंत चालली. त्या काळात दक्षिणेस गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही त्या मुलखात आहेत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावी जन्मले. या घरांतून मराठी बोलली जाते. पुष्कळांची लिहिण्या-वाचण्याची लिपी मात्र तमिळ झाली आहे.

अशा एखाद्या घराची कल्पना करा. मुलगा पुण्यास, मुलगी परदेशी. वडील माणसांची दृष्टी अधू झालेली, म्हणून फोनवरचे बारीक अक्षर वाचण्याऐवजी ती संगणकाच्या मोठ्या पडद्यावर संदेश वाचतात. एके दिवशी पडद्यावर नवा संदेश येईनासा होतो. घरातली मंडळी समजतात, कोणी काही लिहिलेच नाही. त्यात बँकेची सूचना असते, दवाखान्याने कळविलेली तारीख असते, एखादे वेळी आप्ताच्या आजारपणाची वार्ताही असते. गैरसोय यंत्राची, पण तिची झळ माणसांना लागते. म्हणून या दोषाचे मूळ कसे शोधावे, ते आज पाहू.

कावेरीकाठच्या शेतकऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. शेतात पाणी आले नाही, तर तो शेत खणत बसत नाही. पाटाच्या कडेने वर चालत जातो आणि पाणी कोठवर आले आहे ते पाहतो. संदेशाचेही तसेच आहे. पाठविणाऱ्याच्या फोनमधून निघालेला संदेश प्रथम दूरध्वनी कंपनीच्या संदेश-केंद्रात जातो. आपला फोन बंद असेल, तर तो तेथे काही काळ थांबतो आणि फोन सापडताच त्यावर येतो. हा झाला पहिला टप्पा. फोनवर आलेला संदेश पुढे संगणकावर दिसतो, हा दुसरा टप्पा, आणि तो बहुधा इंटरनेटवरून पार पडतो. म्हणजे संगणकावर आपण पाहतो ती नक्कल. मूळ प्रत फोनमध्ये असते.

एवढे ध्यानात घेतले की निम्मे काम झाले. शेजाऱ्याच्या फोनवरून स्वतःला एक साधा संदेश पाठवावा. तो आपल्या फोनवरही आला नाही, तर संगणकाला हात लावण्याचे कारण नाही. दोष सिमकार्डात वा कंपनीच्या जाळ्यात आहे. फोनवर आला आणि संगणकावर आला नाही, तर दोष दुसऱ्या टप्प्यात आहे.

दुसऱ्या टप्प्यातील दोष बहुधा साधे असतात, आणि ते क्रमाने पाहावे. फोन चालू आहे काय? त्याचे इंटरनेट चालू आहे काय? संदेश येण्यास इंटरनेट लागत नाही, पण तो संगणकाकडे नेण्यास लागते; म्हणूनच फोनवर सर्व ठीक आणि संगणकावर शुकशुकाट, असा प्रकार घडतो. नंतर बॅटरी वाचविण्याची योजना पाहावी. बॅटरी उतरू लागली की फोन मागे चाललेली कामे थांबवितो, आणि त्यात संदेश पोचविणेही थांबते.

मग जोडणी तपासावी. गुगल मेसेजेसची संगणकावरची सोय २०१८ साली आली. तीत पडद्यावरचे चौकटीचे चिन्ह फोनने टिपून जोडणी करता येते. ॲपलच्या यंत्रांवर दोन्हीकडे एकच खाते असावे लागते, आणि साधे संदेश मॅकवर पाठविण्याची अनुमती आयफोनच्या सेटिंगमध्ये द्यावी लागते. विंडोजच्या फोन लिंकला आयफोन जोडायचा, तर ब्लूटूथ चालू हवे. एवढे करूनही जमले नाही, तर जोडणी तोडून पुन्हा करावी. जोडणी तोडल्याने फोनमधली मूळ प्रत नाहीशी होत नाही.

मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी. नक्कल आहे म्हणून संगणकावरचा संदेश निःशंकपणे पुसू नये. जोडणी चालू असता तेथे पुसलेला संदेश फोनमधूनही जाऊ शकतो.

आपल्या लिपीची एक अडचण निराळीच आहे. एका साध्या संदेशात रोमन अक्षरे १६० मावतात. देवनागरी किंवा तमिळ घेतली की ही मर्यादा ७० वर येते. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे सर्व स्वतंत्र मोजले जातात. ‘कुंभकोणम्’ हा शब्द आपल्या कानाला पाच अक्षरांचा. यंत्राच्या हिशेबी तो नऊ चिन्हांचा. मजकूर लांबला की त्याचे तुकडे होतात, ते वेगवेगळे प्रवास करतात आणि फोन त्यांना पुन्हा जोडतो. एखादा तुकडा मागे राहिला, तर निरोप अपुरा दिसतो. तेव्हा महत्त्वाची गोष्ट पहिल्या वाक्यातच लिहावी, हे बरे.

शेवटची गोष्ट विश्वासाची. संगणकाला फोन जोडणे म्हणजे पत्रपेटीची दुसरी किल्ली करून देणे. बँकेचे एकवेळचे परवलीचे आकडे याच संदेशांतून येतात. दुकानातील वा कचेरीतील संगणकावर जोडणी करून ती तशीच ठेवली, तर ते आकडे परक्याच्या डोळ्यांपुढे उघडे राहतात. जोडलेल्या संगणकांची यादी फोनमध्ये पाहता येते. अनोळखी नाव दिसताच ते काढून टाकावे. दूर राहणाऱ्या मुलांनी वडीलधाऱ्यांच्या घरी गेल्यावर एवढे काम आठवणीने करावे. आणि तातडीची वार्ता असेल, तेव्हा संदेशावर विसंबून न राहता सरळ फोन करून बोलावे.