धबधबा पहाटेच का टिपायचा?

लोकलमध्ये लटकून ऐकताय की पांघरुणात, ते मला माहीत नाही. पण आजचा एपिसोड तुम्हाला पांघरुणातून बाहेर काढणारा आहे. आज बोलूया शहापूर आणि मुरबाडच्या जंगलातल्या धबधब्यांबद्दल, आणि मोबाइलवर त्यांचे नीट फोटो कसे काढायचे याबद्दल.

आधी जायचं कसं? शहापूर तालुक्यासाठी मध्य रेल्वेची कसारा लाइन. आसनगावला उतरलात की माहुलीचा डोंगर समोर दिसतो. शेवटच्या कसारा स्टेशनवरून जव्हारच्या रस्त्याला लागलात की विहीगाव येतं. तिथल्या धबधब्याला सगळे 'अशोका' म्हणतात, कारण २००१ च्या 'अशोका' सिनेमाचं शूटिंग तिथे झालं होतं. मुरबाडला मात्र लोकल नाही. कल्याणहून एसटी पकडायची. टोकावडे, वैशाखरे करत तोच रस्ता पुढे माळशेजला जातो.

आता प्रश्न असा, की पहाटेच कशाला? अकरा वाजता गेलं तर काय बिघडतं?

पहिलं कारण उजेड. आपल्या सह्याद्रीचा दगड म्हणजे काळा बसाल्ट, आणि पाणी पांढरंशुभ्र. ऊन वर आलं की मोबाइल गोंधळतो. दगड उजळायला जातो आणि पाणी नुसतं पांढरंफटक होतं, एक थेंब वेगळा दिसत नाही. सकाळी सात-साडेसातच्या आत, ढगाळ हवेत, उजेड सगळीकडे सारखा असतो. तरीही स्क्रीनवर पाण्यावर बोट ठेवा आणि ब्राइटनेसची पट्टी थोडी खाली ओढा. एवढ्यानेच निम्मे फोटो सुधारतात.

दुसरं कारण म्हणजे ते रेशमासारखं दिसणारं पाणी. त्यासाठी शटर जास्त वेळ उघडं राहावं लागतं. अँड्रॉइडवर प्रो मोड असेल तर आयएसओ ५० आणि शटर १/८ किंवा १/४ सेकंद ठेवून बघा. आयफोनवर लाइव्ह फोटो काढा आणि नंतर त्याच्या मेन्यूत लाँग एक्सपोजर निवडा. पहाटे झाडीत उजेड कमी असतो, म्हणून हे जमतं. भर दुपारी हीच सेटिंग लावलीत तर कोरा कागद मिळेल. ट्रायपॉड नसेल तर सॅक दगडावर ठेवा, फोन तिला टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. खिशात एक सुती रुमाल कोरडा ठेवा, कारण तुषारांनी लेन्स सारखी धुरकट होते.

तिसरं कारण शांतता. गर्दी यायच्या आधी ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर ऐकू येतो. हा पक्षी अगदी माणसासारखी शीळ घालतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा कुणी पोरगं मागून येतंय असं वाटून चक्क वळून पाहिलं होतं. तेव्हा इअरफोन काढा. हो, माझा पॉडकास्टसुद्धा बंद करा!

आता जरा गंभीर बोलतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी मुरबाडच्या बाजूला एका ओढ्यात मी घोटाभर पाण्यात उभा होतो. समोर छोटा धबधबा, फ्रेम एकदम परफेक्ट. आमच्याकडे पाऊस नव्हता. गुरं घेऊन निघालेले एक मामा काठावरून ओरडले, "पोरा, बाहेर ये." मी म्हटलं, "मामा, दोनच मिनिटं." ते म्हणाले, "ते पाण्याला सांग."

मला हसू आलं, पण निघालो. त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. पाण्यात पाला-काटक्या वाहत येत होत्या आणि रंग गढूळ होत होता. वर घाटमाथा काळा झाला होता. थोड्याच वेळात मी ज्या दगडावर सॅक ठेवली होती, तो दगड दिसेनासा झाला.

कारण साधं आहे. पाऊस वर माथ्यावर पडतो, कातळात पाणी फारसं मुरत नाही, आणि उतारावरून लोंढा खाली यायला वेळ लागत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातली पाच माणसं अशीच वाहून गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये माणगावजवळ कुंभे धबधब्यावर रील बनवताना एक तरुणी दरीत पडून गेली. म्हणून पाण्याचा रंग बदलला, पाला आला, आवाज वाढला, तर फोटो सोडा आणि उंचावर या. शेवाळलेल्या दगडावर आणि कड्यावर पाठमोरं चालू नका. पावसाळ्यात प्रशासन अनेक ठिकाणी मनाई आदेश काढतं. निघण्याआधी तपासा, आणि बंदी असेल तर जाऊ नका. मी तर आता जुलैपेक्षा सप्टेंबरचा शेवट पसंत करतो. पाणी नितळ असतं आणि फोटोही चांगले येतात.

अजून एक गोष्ट. याच शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, आणि आज मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसातून येतं. पण याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट बघावी लागते. आपण पावसाळ्यात ज्याचा फोटो काढतो तो ओढा तेव्हा कोरडा पडलेला असतो. त्यामुळे तिथे वेफर्सची पाकिटं आणि बाटल्या टाकताना हे पाणी कुणाचं आहे, एवढं आठवा. पाण्यावर आलेल्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका. आणि आडबाजूच्या लहान धबधब्याचं अचूक लोकेशन टाकायच्या आधी जरा थांबा. पुढच्या रविवारी तिथे शंभर गाड्या आल्या तर त्रास पाड्यालाच होतो.

या सप्टेंबरात मी त्या ओढ्यावर परत जाणार आहे. मामा भेटले तर त्यांना त्यांच्या गुरांचा एक फोटो प्रिंट करून द्यायचाय. तो त्या दिवशी काठावर आल्यावर काढला होता, आणि खरं सांगू, त्या दिवसाचा तोच सगळ्यात चांगला फोटो आहे.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. अलार्म लावा, घरी सांगून निघा, आणि परत आलात की फोटो नक्की पाठवा!