मान खाली घातली म्हणून खोटं?

(नाशिकच्या युवक शिबिरातील भाषण)



विषय कोर्टाचा आहे म्हणून जांभया देऊ नका. सीबीएसजवळचं जिल्हा कोर्ट आपण सगळ्यांनी बाहेरून पाहिलंय, काहींनी आरोपीच्या पिंजऱ्यातूनही पाहिलंय. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात किती जण उभे राहिलेत? हात वर करा. बघा, दोन!

मला बोलायचंय ते या पिंजऱ्याबद्दल, आणि समोर बसलेल्या जज्जाच्या एका वाक्याबद्दल : ‘हा साक्षीदार विश्वासार्ह वाटत नाही.’

पूर्वी या देशात ज्युरी होती. पुरावा संपला की जज्ज ज्युरीला खटला समजावून सांगायचा. १८९८ च्या फौजदारी संहितेचं कलम २९८ त्याला मुभा द्यायचं, की घडल्या गोष्टीबद्दलचं स्वतःचं मतही ज्युरीपुढं मांड. पण कोण खरं, कोण खोटं, हे ठरवायची ज्युरी. १९५९ च्या नानावटी प्रकरणात मुंबईच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं ‘निर्दोष’ सांगितलं. जज्जाला पटलं नाही. प्रकरण हायकोर्टात गेलं, तर हायकोर्ट म्हणालं, जज्जानंच ज्युरीला कायदा चुकीचा समजावला होता. म्हणजे जज्ज काय बोलला याचीही झडती व्हायची.

मी ज्युरीचे गोडवे गायला आलेलो नाही. १९०८ च्या खटल्यात टिळकांपुढं सात युरोपियन आणि दोन पारशी बसवले. निकाल सात विरुद्ध दोन. टिळकांची ही गत, तर आपल्या बापजाद्यांना कुठली ज्युरी मिळणार होती? आणि याच नाशकात, १९०९ साली विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, तेव्हा सरकारनं ज्युरी ठेवलीच नाही. तीन जज्जांपुढं खटला उरकला. १ एप्रिल १९७४ ला नवी संहिता लागू झाली, ज्युरीचा कारभार संपला. गेली तर गेली. पण जज्जाचं मत कुठं गेलं? आधी तो सल्ला होता, आता तोच निकाल.

त्याच १९७४ सालचं ऐका. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२ साली एका आदिवासी पोरीवर बलात्कार झाला. मथुरा खटला म्हणतात तो हाच. सेशन्स जज्जानं पोलिसांना सोडलं, आणि पोरीबद्दल लिहिलं की ही थक्क करणारी खोटारडी आहे. नागपूरच्या हायकोर्टानं शिक्षा दिली. दहशतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, एवढी साधी गोष्ट त्यांना कळली. १९७८ ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. का? अंगावर जखमा नाहीत, म्हणून प्रतिकाराची गोष्ट बनावट! पुढच्या वर्षी चार कायदा-शिक्षकांनी सुप्रीम कोर्टाला खुलं पत्र लिहिलं, बाया रस्त्यावर आल्या, १९८३ ला कायदा बदलला. तरी बलात्कार झालेल्या बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष पाडायची सोय १८७२ च्या पुरावा कायद्यात उभीच होती. ती २००२ ला काढली. एकशे तीस वर्षं!

आता आपल्या मावश्यांचं. साक्षीदाराच्या वागण्या-बोलण्याची नोंद घ्यायचा अधिकार कायदा जज्जाला देतो. अडखळला, घाम फुटला, नजर चुकवली. एका कोर्टात मी बसलो होतो. वकील म्हणाला, ‘बाई, खरं असेल तर साहेबांकडं बघून सांगा.’ मावशीनं मान वर केली. मागच्या बाकावर गावच्या पाटलाचा पोरगा दिसला. मान परत खाली. पन्नास वर्षं त्या वाड्यापुढून मान खाली घालून गेलेली बाई ती! तिची मान खोटेपणानं खाली गेली की जातीनं, हे कागदावर कोण लिहिणार?

आणि वेळ. ती म्हणते, दिवस कासराभर वर आला होता. पोलिसानं जबाबात लिहिलेलं असतं ‘सकाळी नऊ’. झाली विसंगती! जबाब लिहिला हवालदारानं, खोटी ठरली मावशी.

कधी साक्षीदारच फिरतात. नगर जिल्ह्यात खर्ड्याला २०१४ साली नितीन आगे या शाळकरी पोराला मारलं; २०१७ ला सगळे आरोपी सुटले. साक्षीदार फितूर झाले, असं म्हणतात. फितूर! गावात राहायचंय, त्याच विहिरीचं पाणी प्यायचंय, त्याच शेतावर मजुरी करायचीय, हे त्या शब्दात कुठं बसतं?

कामाचं सांगतो. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून कलम १५-अ आहे. साक्षीदाराला संरक्षण, जाण्यायेण्याचा खर्च, आणि कोर्टातल्या कामकाजाचं व्हिडिओ चित्रण. अर्ज करायचा, लेखी. चित्रण असेल तर मावशी कुणाकडं बघून थांबली, ते वरच्या कोर्टालाही दिसेल. दुसरं, मागचा बाक रिकामा सोडायचा नाही. पाटलाचा पोरगा बसतो तिथं आपण आधी जाऊन बसायचं. गप्प बसायचं, घोषणा कोर्टाच्या फाटकाबाहेर. जबाब मराठीत वाचून दाखवा, मगच अंगठा, हे मावशीला आदल्या रात्री तिच्या घरी जाऊन सांगायचं. काय बोलायचं ते मात्र पढवायचं नाही. पढवलेली साक्ष उलटतपासणीत फाटते, आणि मग जज्जाचं ते वाक्य आपणच लिहून दिल्यासारखं होतं.

सिन्नर, निफाड, दिंडोरीकडची पोरं इथं आहेत. आपापल्या तालुक्यातल्या चालू केसेसच्या तारखा काढा. चहा झाला की वही फिरेल, नावं लिहा.